झरीवाली

या लेखात मी एकाही माणसाचं नाव लिहिणार नाही. बायकांचं नाही आणि पुरुषांचं तर नाहीच. आमच्या घराण्यातल्या पुरुषांची नावं सात पिढ्यांपर्यंत लिहून झाली आहेत, रंगीत छापूनही झाली आहेत. इथे नाही आली तरी त्यांचं काही अडत नाही.

ती छापली माझ्या धाकट्या काकांनी. रेल्वेतून निवृत्त झाल्यावर त्यांना वंशावळीचा नाद लागला. चैत्रात कुलदेवीला आमचा सगळा गोतावळा जमतो, तेव्हा यंदा त्यांनी मंडपाच्या तोंडाशीच भलामोठा फ्लेक्स लावला. त्यावर एक झाड होतं. बुंध्याशी मूळ पुरुष, फांद्यांवर त्याचे मुलगे, डहाळ्यांवर नातू, आणि अगदी टोकाला गेल्या वर्षी जन्मलेला एक पणतू, फोटोसकट. लोक त्याच्यासमोर उभे राहून सेल्फी काढत होते. काका बाजूला हात मागे बांधून उभे होते आणि कौतुक झेलत होते.

माझी आत्या, म्हणजे माझ्या दिवंगत वडिलांची आणि या काकांची थोरली बहीण, चष्मा पुसत पुढे गेली. आत्याला मूलबाळ नाही. नवरा गेल्यापासून ती डहाणूजवळच्या मसोलीला माझ्याजवळ राहते. मी शाळेत शिकवते, घटस्फोटानंतर एकटीच होते, तर आमचं दोघींचं बरं जमतं. तिनं फ्लेक्सवर बोट टेकवलं आणि ते फांदीफांदीनं वर नेत स्वतःच्या वडिलांच्या नावापाशी थांबवलं.

"हे आपले बाबा. त्यांच्या बाजूला आई कुठंय रे?"

काका हसले. "ताई, बायका घातल्या तर झाड फार पसरतं. फ्लेक्सवाला बोलला, मावणार नाही."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी म्हटलं, "मग या झाडाला एवढी पानं फुटली कशी, काका? आपल्या वाडीत चिकूचं कलम बांधतानासुद्धा खाली खिरणीचा खुंट लागतो. तुमचं हे झाड हवेत वाढलंय का?"

आजूबाजूचे दोनचार जण हसले, पण काका नाही हसले. आत्यानं तर माझं बोलणं ऐकलंच नव्हतं. तिचं बोट तिथंच होतं.

"तिचं माहेरचं आडनाव काय होतं?" तिनं विचारलं.

सात पिढ्यांचे बाप पाठ असलेल्या माणसाला स्वतःच्या आईचं आडनाव येत नव्हतं. मग ते म्हणाले, "झरीची ना ती. झरीवाली."

आमच्याकडे सासरी आलेल्या बाईला तिच्या गावावरून हाक मारायची पद्धत होती. माझी आई उंबरगाववाली, काकू बोर्डीवाली, तशी आजी झरीवाली. झरी हे तलासरी तालुक्यातलं गाव. नणंदा, जावा, शेजारीपाजारी, कोणी तिला दुसरी हाक मारल्याचं मला आठवत नाही. मी लहान असताना ती गेली. एक नावही होतं तिला, लग्नात सासरच्यांनी ठेवलेलं, पण ते देवाच्या कार्यात आणि सरकारी कामातच बाहेर निघायचं.

"झरी गाव आहे," आत्या म्हणाली. "मी आडनाव विचारतेय."

"एवढ्या वर्षांनी कुणाला ठाऊक? आणि करायचंय काय तुला त्याचं?"

"मला तिच्या माहेरच्या देवीची ओटी भरायचीय. मी मरायच्या आधी. कुणाच्या घरातल्या लेकीची लेक म्हणून देवीपुढं उभी राहू?"

डॉक्टरांनी तिच्या हृदयाचं सांगितलं तेव्हापासून ती असं उघड बोलायला लागली होती. मागे कोणीतरी कुजबुजलं की विधवेनं ओटी भरायची नसते. आत्यानं मागे वळून पाहिलंही नाही. ती माझा हात धरून मंडपाबाहेर आली आणि म्हणाली, "पोरी, तू शिकलेली आहेस. शोध."

मी शोधायला बसले उन्हाळ्याच्या सुट्टीत. बसले म्हणजे काय, कचेऱ्यांचे उंबरे झिजवले. आणि जिथे गेले तिथे मला आजोबाच भेटले. जमिनीच्या जुन्या कागदावर आजी ही आजोबांची विधवा होती. तिच्या मुलांच्या जन्माच्या नोंदीत ती नव्हतीच, मुलं जणू आजोबांना एकट्यालाच झाली होती. तिच्या स्वतःच्या मृत्यूच्या नोंदीतही तिच्यापुढे आजोबांचं नाव. बाई जन्मली कुठे, कुणाच्या पोटी, हा प्रश्न कोणाला पडलाच नव्हता. आता सरकारनं मुलांच्या नावात आईचं नाव लिहायला लावलंय, आमच्या शाळेत त्यावरून काही बापांनी तोंडं वाकडी केली तेही मी पाहिलंय. पण आईच्या नावामागे गेलं की पुन्हा आईचा बापच, आणि मग? तिच्या आईचं काय?

नातेवाइकांच्या ग्रुपवर मी लिहिलं, प्रत्येकानं आपल्या आजीचं माहेरचं आडनाव सांगावं. उत्तरादाखल जोडलेले हात आले, सूर्योदयाचं चित्र आलं, आणि एका भाच्याचा मेसेज आला, "मावशी, हे कळून नक्की काय फरक पडतो?" मी त्याला लिहिलं, तुझ्या बापाचं आडनाव उद्यापासून लावू नकोस, मग कळेल. तो ग्रुप सोडून गेला. काकांनी मला फोन करून सांगितलं की मी वातावरण बिघडवतेय. त्यानंतर मात्र बायकांनी एकेकट्यानं मला खासगीत लिहायला सुरुवात केली. वापीच्या चुलतबहिणीला तिच्या आजीबद्दल एवढंच माहीत होतं की तिला घरात 'मोठी' म्हणायचे. दुसरीला गाव माहीत होतं, आडनाव नाही. तिसरीनं लिहिलं, "मला माझ्या आईचं माहेरचं नाव माहीत नाही. आडनाव नाही म्हणत मी, नाव. लग्नात बदललं ना." वर तिनं एक हसरा चेहरा टाकला होता. तो चेहरा पाहून मी फोन पलंगावर आपटला.

कारण ते मला नवीन नव्हतं. माझ्या लग्नात नवऱ्यानं ताटातल्या तांदळात अंगठीनं माझं नवं नाव लिहिलं होतं. सगळ्यांनी वाकून वाचलं, टाळ्या वाजवल्या, कोणी म्हणालं, किती गोड आहे. मला ते मुळीच गोड वाटलं नव्हतं. चोवीस वर्षं वापरलेलं माझं नाव एकाएकी गेलं आणि मी लाजून हसत होते, कारण त्या वेळी लाजून हसायचं असतं. ते तांदूळ बहुतेक दुसऱ्या दिवशी कोणीतरी शिजवले असतील. लग्न मोडल्यावर मी माझं नाव परत घेतलं, पण त्यासाठी इतक्या खिडक्यांपुढे उभं राहावं लागलं की जणू मी ते कोणाचं तरी चोरत होते.

शेवटी माग लागला तो तोंडी विचारण्यातूनच. आमच्या शाळेतल्या एका बाईंचं घर तलासरीच्या बाजूला. त्यांना मी आमच्या मूळ गावाचं आणि घराण्याचं सांगितलं आणि म्हटलं, झरीच्या कुठल्या घरातली मुलगी आमच्याकडे दिली होती, एवढंच विचारा. चार दिवसांनी त्या म्हणाल्या, "एक खूप म्हाताऱ्या आजी आहेत. त्यांची नणंद तुमच्या घरात दिलेली होती म्हणे."

आत्याला हे सांगितलं तर ती उठून बसली. "म्हणजे मामी! झरीच्या मामाची बायको. जिवंत आहे?"

झरीचा मामा तिला आठवत होता. दिवाळीला आई तिला आणि माझ्या वडिलांना घेऊन झरीला जायची, मामाला ओवाळायची, साडी घेऊन परत यायची. तिथे एक आजीही होती, तिनं आत्याला मांडीवर घेतलं होतं. पुढे मामा गेला, येणं-जाणं तुटलं. लहान पोरीला मामा पुरेसा असतो, त्याचं आडनाव काय ते कशाला विचारेल ती? आणि ज्यांना माहीत होतं त्यांनी सांगून ठेवलं नाही.

मग आत्याची तयारी सुरू झाली. हिरवं खणाचं कापड, नारळ, तांदूळ, हळकुंड, बांगड्या. पिशवी तिनं स्वतः भरली आणि दर दोन तासांनी उघडून पाहिली. निघायच्या दिवशी ती नेसली ती साडी मी तिच्या अंगावर कधी पाहिली नव्हती. डहाणू रोडवरून तलासरीपर्यंत बसनं आणि तिथून रिक्षानं झरीला जाताना ती सारखी बोलत होती. अंगणात जांभळाचं झाड होतं. विहिरीला पायऱ्या होत्या. मामा गूळ द्यायचा. मी तिला इतक्या आनंदात नवरा गेल्यानंतर पहिल्यांदाच पाहत होते.

घर सापडलं. पुढं कौलं, मागं नवीन स्लॅब. नातसुनेनं प्लास्टिकच्या खुर्च्या दिल्या, पाणी दिलं. मामी बाजेवर बसली होती, सुकून एवढीशी झालेली, पण कान आणि जीभ दोन्ही शाबूत. आत्यानं वाकून नमस्कार केला आणि आपण कोण ते सांगितलं.

"तू? ती गूळ मागणारी?" मामी म्हणाली आणि तिनं आत्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला. दोघी रडल्या. मला अवघडल्यासारखं झालं, म्हणून मी कामाचं विचारलं.

"आजी, तुमच्या घराचं आडनाव काय?"

मामीनं सांगितलं. आत्यानं ते ओठांतल्या ओठांत म्हणून पाहिलं, मग स्वतःच्या आईच्या नावाला जोडून मोठ्यानं म्हटलं. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला आजही दिसतं. शोध संपला असं मलाही वाटलं.

"कुणाचं नाव घेतेस?" मामीनं विचारलं.

"माझ्या आईचं. ती या घरातली ना."

"तुझी आय?" मामीनं मान हलवली. "नाय गं बाय. ती कुठं आमची?"

आत्या माझ्याकडे बघायला लागली. मला वाटलं, म्हातारीचा गोंधळ होतोय. मी पुन्हा समजावून सांगायला लागले, तर मामीनं मला हातानंच गप्प केलं.

"मला कळतंय बाई. माझं डोकं जाग्यावर हाय. आमची पोर तुमच्या घरात दिली व्हती, ती माझी मोठी नणंद. पहिल्याच बाळंतपणात ती गेली, पोर पण गेलं. मी तवा लग्न होऊन आले पण नव्हते, सासू सांगायची. मग हिच्या बापानं दुसरी केली. ती हिची आय."

"मग तिला झरीवाली का म्हणायचे?" मी विचारलं.

"नाव तेच ठेवलं ना. पयलीचंच. देवापुढं उभं करून बोलले, तीच परत आली म्हणून. मेलेलीनं त्रास देऊ नये म्हणून करायचे तसं. तिचंच नाव, तिचंच माहेर, तिचेच दागिने. गळ्यात चेहरा कोरलेला चांदीचा टाक घालायची ना तुझी आय?"

आत्याचा हात आपोआप स्वतःच्या गळ्याकडे गेला. "देवीचा. देवीचा टाक होता तो. अंघोळ करूनच घालायची."

"देवीचा नाय. सवतीचा. माझ्या नणंदेचा."

नातसून चहा घेऊन दारात थांबली होती, ती तशीच उभी राहिली.

मला त्या क्षणी आजोबा समोर हवे होते. एक बाई गेली म्हणून तिच्या खुंटीवर दुसरी टांगली या लोकांनी. घराला हाक मारायची सवय लागली होती, ती कशाला मोडायची? नवीन माणूस आलंय, त्याला स्वतःचं तोंड आहे, आईबाप आहेत, एवढा विचार करायची गरज कोणाला वाटली नाही. आणि ती पोर, चौदा-पंधरा वर्षांची असेल, मेलेल्या बाईचा चेहरा गळ्यात बांधून रोज तिच्या चुलीपुढे बसत होती. मेलेली त्रास देईल याची त्यांना भीती होती. जिवंत असलेलीला काय होत असेल, याची नव्हती.

"तिचं स्वतःचं माहेर?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता.

"पलीकडची ती. अच्छाडच्या पल्याड कुठंतरी. रागावली की गुजराती बोलायची. गावाचं नाव बोलायची कधीमधी, आता नाय येत माझ्या तोंडात. तिचा बाप एकदा तिला दिवाळीला न्यायला आला व्हता तुमच्याकडं. त्याला बाहेरच्या ओटीवरनंच लावून दिला. बोलले, हिचं माहेर झरीला हाय."

हे मी दोनदा विचारून घेतलं. खरंच असं बोलले का. मामी म्हणाली, खरंच. आजीनं स्वतः मामीच्या सासूला सांगितलं होतं. बापाचा आवाज तिला आतून ऐकू आला होता, बाहेर येऊ दिलं नाही.

"पण एक सांगते," मामी आत्याकडे वळली. "माझी सासू लई कडक बाई. तुझी आय पयल्या दिवाळीला इथं आली, तेव्हा सासूनं तिला दारातच उभी केली. बोलली, माझ्या लेकीचं नाव मी तुला नाय देणार. ते माझ्या लेकीबरोबर गेलं. तुझं काय नाव ते सांग आणि मग घरात ये. तुझी आय रडली म्हणे तिथंच. मग सांगितलं. या घरात आम्ही तिला तिच्याच नावानं हाक मारली, मी पण, शेवटपर्यंत. फक्त तुमच्याकडं बोलायचं नाय असं ठरलेलं."

आणि तिनं ते नाव सांगितलं.

आत्या ते ऐकून एकदम दाराबाहेर, परसाकडे बघायला लागली. मग म्हणाली, "ऐकलंय मी हे. तिथनं, विहिरीकडनं कोणीतरी हाक मारत होतं आणि आई 'आले' म्हणाली. मला वाटायचं, इथं दुसरी कोणी बाई राहते."

लेकीच्या जागी आलेल्या परक्या मुलीला तिचं नाव विचारलं ते फक्त त्या घरानं, ज्याला तिचा राग यायला हवा होता. आमच्या घरानं, ज्याला तिनं मुलं दिली, त्यानं कधीच विचारलं नाही. वंशावळ छापणाऱ्या आमच्या घरानं.

परतताना गावातल्या देवीच्या ठाण्यापाशी आत्यानं रिक्षा थांबवायला लावली. मी म्हटलं, "आत्या, ही तिच्या माहेरची देवी नाही." ती म्हणाली, "कळलं मला." तिनं खण, नारळ, तांदूळ सगळं नीट मांडलं, बांगड्या ठेवल्या आणि देवीला नाही, त्या बाळंतपणात गेलेल्या पोरीला म्हणाली, "हे तुझं. आणि नावही तुझं तुला. माझ्या आईला आता मोकळी कर." पुढं ती मला म्हणाली, "मला अच्छाडला ने."

अच्छाडला, गुजरातच्या सीमेवरच्या नाक्यावर, ट्रकांची रांग लागली होती. आम्ही एका ढाब्यावर चहा घेतला. आत्या रस्त्यापलीकडे, गुजरातच्या बाजूला बघत बसली. आजीच्या लग्नाच्या वेळी तिथं राज्याची हद्दही नव्हती. माणूस या गावातून त्या गावात चालत जायचा. ज्या बापाला ओटीवरून परत पाठवला तोही याच बाजूनं चालत गेला असेल.

"कुठल्या गावाची असेल?" आत्यानं विचारलं.

"शोधू आपण. तिकडच्या लोकांत विचारू. आडनाव मिळालं तर..."

"आडनाव जाऊ दे गं," ती म्हणाली. "ते तिच्या बापाचं. बापाचं आडनाव, नवऱ्याचं आडनाव, सवतीचं नाव. तिचं स्वतःचं एवढं एकच होतं, ते आज कळलं मला. अठ्ठ्याहत्तर वर्षांची झाले मी."

मी स्वतःवरच चिडले. काही महिने मी ज्याच्यासाठी वणवण केली ते मिळालं असतं तरी दुसऱ्या एका पुरुषाच्या दारात जाऊन उभी राहिले असते, हे मला तोपर्यंत सुचलं नव्हतं. गाव अजून सापडलेलं नाही. मी शोधतेय.

घरी आल्यावर मी काकांना फोन केला. सगळं सांगितलं, नावही सांगितलं. ते ऐकत होते की नाही कोण जाणे, मागे टीव्ही चालू होता. शेवटी म्हणाले, "असेलही. जुन्या काळी व्हायचं असं. आता हे घरातच ठेवू या आपण, ग्रुपवर नको टाकूस." मी फोन ठेवला, कारण पुढं बोलले असते तर नातंच तुटलं असतं.

भाद्रपदात सर्वपित्रीला आम्ही दोघी काकांच्या घरी डहाणूला गेलो. जायची माझी इच्छा नव्हती. आत्या म्हणाली, तू नाही आलीस तर मी एकटी रिक्षा करून जाईन. पंखा बंद केलेल्या हॉलमध्ये काका सोवळं नेसून पाटावर बसले होते, समोर गुरुजी. सोफ्यावर जावई आणि नातवंडं. आम्ही बायका स्वयंपाकघराच्या दाराशी. कुकरच्या शिट्ट्या होत होत्या. बापाचं झालं, आजाचं झालं, पणजाचं झालं. काकांना सगळी नावं तोंडपाठ.

"आता मातेचं नाव," गुरुजी म्हणाले.

काकांनी नेहमीचं नाव सांगितलं आणि ओंजळ पुढं केली.

"थांब," आत्या म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. ती भिंतीला धरून उभी राहिली आणि हॉलमध्ये आली.

"ते माझ्या आईचं नाव नाही."

"ताई, आत्ता नको," काका म्हणाले.

"मग कधी? आई जाऊन किती वर्षं झाली? दरवर्षी तू पाणी सोडतोस आणि ते घेतं कोण? जिचं नाव घेतोस ती. घेऊ दे, तीही बिचारी पोरवयातच गेली. पण माझी आई अजून तशीच बसलीय ना रे, तहानलेली. आपल्याच घरात, आपल्याच पोराच्या ओंजळीखाली."

काकू म्हणाली, "ताई, कार्य चालू आहे." आत्यानं तिच्याकडे लक्ष दिलं नाही. काका गुरुजींकडे बघत होते, की हे काय आता तुम्हीच निस्तरा.

गुरुजी तरुण होते. ते म्हणाले, "दोघींना देता येईल. काही अडचण नाही. फक्त नाव सांगा."

काकांच्या ओंजळीतलं पाणी बोटांमधून गळत होतं. मग मला कळलं की मी फोनवर सांगितलेलं नाव त्यांनी ठेवलंच नव्हतं. त्यांनी मान खाली घातली आणि अगदी हळू, शेजारच्यालाही जेमतेम ऐकू जाईल असं विचारलं, "काय होतं ते नाव?"

सत्तरी ओलांडलेला माणूस, डोळे भरलेले. मला त्याची कीव यायला हवी होती. नाही आली.

"मोठ्यानं विचार," आत्या म्हणाली. "तुझी मुलं, सुना, जावई, नातवंडं सगळी बसलीत इथं. त्यांना ऐकू दे."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी नजर हलवली नाही. मग त्यांनी मान वर केली आणि त्या भरल्या हॉलमध्ये, सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं,

"ताई, आपल्या आईचं नाव काय?"